साडेचार मिनिटांचं भाषण

माझ्या बाबांना उठून जायची सवय आहे. राग आला की ते ताट आपटत नाहीत, आवाज चढवत नाहीत. नुसते उठतात, चपला घालतात आणि चालायला लागतात. बार्शीला एका लग्नात बँकांच्या राष्ट्रीयीकरणावरून व्याह्यांशी खटका उडाला, तर पानात जिलबी पडायच्या आत बाबा एसटी स्टँडवर पोचले होते. दहावीला मी शाळेत पहिली आले, तेव्हा बक्षीस द्यायला एका गिरणीमालकांना बोलावलं होतं. बाबांनी त्यांना व्यासपीठावर पाहिलं आणि माझं नाव पुकारायच्या आत ते सभागृहाबाहेर. बक्षीस घेताना मी त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं आणि आजही आठवलं की वाटतं.

त्यामुळे २०११ च्या जूनमध्ये माझ्या पदवीदानासाठी बाबा हॅमिल्टनला यायला निघाले, तेव्हा आईने सोलापूरहून फोनवर बजावलं, "मृणाल, दहा दिवस त्यांचा कुणाशी वाद होऊ देऊ नकोस. एकदा उठले की परत येत नाहीत, ठाऊक आहे ना तुला?" आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, नाहीतर ही कामगिरी तिनेच पार पाडली असती.

उठून जायला कॅनडात जागा नसती तर एक वेळ मी निर्धास्त राहिले असते. पण नॉर्थ यॉर्कला प्रमोदिनीमावशी होती आणि ती महिनाभर एकच धोशा लावून बसली होती. "अगं, त्यांना सरळ इकडेच पाठव ना. आमच्या कॉन्डोत गेस्ट रूम रिकामीच आहे. एक फोन कर, काका गाडी घेऊन पिकअप करतील." म्हणजे बाबांनी चपला घातल्या की तासाभरात काका दारात. मग पदवीदानाला पुन्हा एक रिकामी खुर्ची.

आता वाद कशावरून झाला असता ते सांगते. बाबा पस्तीस वर्षं सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या लाल बावट्याच्या युनियनचे सेक्रेटरी. गिरण्या बंद पडल्या, मशिनं भंगारात गेली, तरी बाबांनी पक्षाचं कार्ड दर वर्षी न चुकता नवं करून घेतलं. आणि माझी घरमालकीण मिसेस इलोना होर्वात मूळची बुडापेस्टची. १९५६ साली ती एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी पोरगी होती. तिथल्या कम्युनिस्ट सरकारविरुद्ध विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला, त्यात ती होती. मग रशियन रणगाडे आले. ती दलदलीतून चालत ऑस्ट्रियात पोचली आणि तिथून हॅमिल्टनला. 'कम्युनिस्ट' हा शब्द उच्चारताना ती नासकं अंडं फोडल्यासारखं तोंड करते.

तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी दोन वर्षं राहत होते. तिचा नवरा यानोश इथल्या स्टीलच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होता. तो गेल्यापासून तिच्याशी भांडायला घरात कुणी उरलं नव्हतं. मला ताप आला की ती बटाट्याचा लालभडक रस्सा करून वर आणायची आणि मी संपवेपर्यंत उभी राहायची. दहा दिवसांसाठी अशा बाईला कुठे लपवणार?

आणि मधे मी. आदल्या वर्षी कोर्सचा भाग म्हणून मी चार महिने बुडापेस्टला राहून आले होते. निघताना मिसेस होर्वात म्हणाली होती, "डोळे उघडे ठेव." बाबा फोनवर म्हणाले होते, "तिथल्या कामगारांशी बोल." मी दोन्ही केलं. आणि बाबांना काय लिहिलं? पूल. नदीवरच्या सगळ्या पुलांची वर्णनं, ट्रामचा पिवळा रंग, थंडी. बाकी जे पाहिलं आणि ऐकलं, त्यातलं अक्षर लिहिलं नाही. बाबा कागदावरूनसुद्धा उठून गेले असते.

बाबा आले ते चाळीस कडक भाकऱ्या, दोन किलो शेंगाचटणी आणि एक सोलापुरी चादर घेऊन. मिसेस होर्वातने दारातच हात पुढे केला, बाबांनी हात जोडले, मग बाबांनी हात पुढे केला तेव्हा तिने जोडले होते. सुरुवात तरी छान झाली. बाबांना इंग्रजी वाचता येतं, पण बोलायला गेले की वाक्य सरकारी पत्रासारखं होतं. त्यात तिचे हंगेरियन उच्चार, ओळखीचा शब्दही बाबांच्या कानाला लागेना. म्हणजे दुभाषी मीच. मला वाटलं, देव पावला.

पहिल्याच जेवणाला ती म्हणाली, "यांना सांग, माझ्या वडिलांचं घड्याळांचं दुकान होतं. कम्युनिस्टांनी ते ताब्यात घेतलं. वडील त्याच दुकानात नोकर म्हणून राहिले आणि खचून गेले."

मी बाबांना सांगितलं, "त्यांच्या वडिलांचं घड्याळांचं दुकान होतं. ते गेलं."

"कशात गेलं?"

"मंदीत," मी म्हणाले.

बाबांना मनापासून कळवळा आला. "अरेरे! भांडवलशाहीत छोट्या माणसाचं हेच होतं. त्यांना म्हणावं, समाजवादी देशात हे झालं नसतं."

"बाबांना तुमच्या दुकानाबद्दल फार वाईट वाटलं," मी तिला सांगितलं. ते काही खोटं नव्हतं. तिने बाबांच्या हातावर हात ठेवला आणि आणखी रस्सा वाढला.

मग मला चटकच लागली. बाबा म्हणाले, "पक्षाने मला घडवलं," मी म्हणाले, "बाबांचे मित्र फार चांगले होते." ती म्हणाली, "त्या लांडग्यांनी माझ्या वर्गातल्या तिघांना तुरुंगात टाकलं," मी म्हणाले, "त्यांचे वर्गमित्र पुढे भेटले नाहीत." काय सांगू, मी एवढं सफाईने काम करत होते की मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं. दोघं एकमेकांवर खूष. सकाळी ती कॉफी ओतायची, बाबा भाकरी मोडून तिच्या बशीत ठेवायचे. चटणी तर ती चमच्याने खायची.

चौथ्या दिवशी बाबा सकाळी फिरायला गेले ते अकरा वाजले तरी परत आले नाहीत. माझं धाबं दणाणलं. मिसेस होर्वात म्हणाली, "मला गेटवर डबा द्यायचाय, वाटेत शोधू." त्या वर्षी स्टीलच्या कारखान्यात टाळेबंदी होती. कंपनीने नोव्हेंबरपासून गेटला कुलूप ठोकलं होतं आणि कामगार पाळीपाळीने बाहेर बसायचे. यानोशची युनियन म्हणून ती दर आठवड्याला त्यांना खसखशीचे रोल नेऊन द्यायची.

आणि तिथे गेटसमोर, घडीच्या खुर्चीत, हातात कॉफीचा मोठा कप घेऊन आमचे बाबा! त्यांनी रस्त्यावरून जाताना फलक पाहिला, थांबले, छातीवर हात ठेवून म्हणाले, "आय, युनियन सेक्रेटरी, सोलापूर." एका दांडग्या माणसाने खुर्ची उघडून दिली, "हॅव अ सीट, बडी." झालं. तीन तास बाबा तिथेच. कुणाला कुणाचं फारसं कळत नव्हतं आणि सगळे मजेत होते. त्यात मिसेस होर्वात रोलचा डबा घेऊन उतरली आणि दहा-बारा जणांनी तिच्या नावाने आरोळी दिली. बाबांचे डोळे भरून आले.

परतताना ते माझ्या कानाशी लागले. "मृणाल, ही बाई आपली आहे. पक्षात होती का गं?"

"विचारते कधीतरी," मी म्हणाले.

"विचारायचं काय त्यात? दिसतंय की. गुरुवारी आपण त्यांचा सत्कार करू."

शुक्रवारी पदवीदान होतं. गुरुवारी संध्याकाळी सत्कार. मराठी माणसाला एकदा कुणाचा सत्कार करायचं सुचलं, की त्याला ब्रह्मदेवही थांबवू शकत नाही. बाबांनी पंजाबी ग्रोसरीतून नारळ आणला. शालीच्या जागी सोलापुरी चादर. दोन दिवस ते माझ्या टेबलावर बसून भाषण लिहीत होते आणि मधूनमधून स्वतःशीच मान हलवत होते. मी मजकूर चोरून वाचला आणि होता तसा परत ठेवून दिला.

गुरुवारी तिने मोठं जेवण केलं होतं. तिला 'समारंभ' एवढंच सांगितलं होतं, म्हणून तिने मोत्यांची माळ घातली होती. बाबांनी तिच्या खांद्यांवर चादर पांघरली. सोलापुरी चादर म्हणजे काय वजन, आणि जून महिना! तिने नारळ दोन्ही हातांत धरला आणि खुर्चीत ताठ बसली. बाबा उभे राहिले, खाकरले आणि सुरू झाले.

जनतेच्या प्रजासत्ताकात घडलेली एक वीरकन्या. बाजाराच्या मंदीने बापाचं दुकान गिळलं, म्हणून परदेशी यावं लागलं, पण लाल निशाण हृदयात जपलं. आज सत्तरी ओलांडल्यावरही कामगारांच्या मुखी घास घालणारी कॉम्रेड इलोना. बाबांचा आवाज मधेच कापरा झाला. इतकं सुंदर भाषण मी त्यांचं ऐकलं नव्हतं आणि त्यातलं एकही वाक्य मला तिला सांगता येत नव्हतं.

बाबा बसले. मी म्हणाले, "बाबा म्हणतात, तुम्ही फार चांगल्या आहात. थँक यू."

मिसेस होर्वातने नारळ टेबलावर ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "हे साडेचार मिनिटं बोलले. तू मला सहा सेकंद दिलीस."

"मराठी जरा लांबलचक भाषा आहे," मी म्हणाले.

"मुली, मी अशा देशात वाढले, जिथे वर्तमानपत्र रोज यायचं आणि रोज त्यात काहीतरी नसायचं. कापलेली जागा कुठे आहे ते मला बोट ठेवून दाखवता येतं. तू आठवडाभर कापतेयस. आणि आत्ताच्या भाषणातला 'कॉम्रेड' मला ओळखता येतो. मी यांना तीन मुलं तुरुंगात गेल्याचं सांगितलं आणि यांनी मला हसून भाकरी दिली. सज्जन माणूस असं करत नाही. आता सगळं सांग. यांचं मला आणि माझं यांना. पहिल्या दिवसापासून."

बाबा विचारत होते, "काय म्हणताहेत त्या? आवडलं ना?"

पळून जाण्याइतकं धैर्य माझ्यात नाही. मी सांगितलं. आधी तिला भाषण, 'कॉम्रेड इलोना'सकट. मग बाबांना रणगाडे, दलदल, तीन मुलं आणि दुकान. सांगताना माझा आवाज एवढा बारीक झाला की बाबांनी दोनदा "मोठ्याने" म्हटलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"दुकान मंदीत गेलं नव्हतं?"

"नाही, बाबा."

बाबा उठले. दारापाशी गेले, चपला घातल्या आणि बाहेर पडले.

मला रडूच कोसळलं. दहावीचं ते सभागृह तसंच्या तसं समोर आलं. मी मिसेस होर्वातला म्हणाले, गेले ते, आता मावशीला फोन करतील, उद्या येणार नाहीत. ती चादरीतून बाहेर पडायची खटपट करत होती. "माणसाला टेबलावरून उठून जाता येतं, ही चांगली गोष्ट आहे," ती म्हणाली. "मला उठून जायला दोन रात्री लागल्या आणि पाठीमागून गोळ्या झाडत होते. जा, बघ कुठवर गेलेत."

ते पायरीवर बसले होते. बाहेर अजून लख्ख उजेड होता. मी शेजारी बसले.

"मला त्या बाईंचा राग नाही," बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले. "पस्तीस वर्षं मी गेटसभांत ओरडत आलो, कामगाराला बोलू द्या, त्याचं तोंड दाबू नका. आणि माझ्याच पोरीने माझं तोंड दाबलं. का? तर बाप खरं ऐकलं की उठून जातो म्हणून?"

"मग गेलातच ना उठून?"

हे माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. त्यापुढचंही निघालं. "माझ्या बक्षिसाच्या वेळीही गेलात. मी खुर्चीकडे बघत होते, बाबा."

ते हळूच म्हणाले, "मला वाटायचं, तुला अभिमान वाटला असेल."

"वाटला होता. आणि रडूही आलं होतं."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बाबांना माफी मागता येत नाही, पण त्यांचा हात जड झाला की मला समजतं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "बुडापेस्टात पुलांशिवाय काय पाहिलंस?"

मग मी सांगितलं. माझ्या मैत्रिणीच्या आजोबांची गोष्ट सांगितली. रेल्वेच्या कारखान्यात फिटर. ते म्हणाले होते, काम होतं, घर होतं, पोरांचं शिक्षण फुकट, उन्हाळ्यात तलावाकाठी कामगारांच्या विश्रामगृहात आठ दिवस सुट्टी. आता पेन्शनीत औषधांचं भागत नाही. बाबा ताठ बसून ऐकत होते. "मग?" ते म्हणाले. मग मी विचारलं होतं, संप केलात का कधी? तर आजोबांनी आधी खिडकी लावली. आज, ते राज्य जाऊन वीस वर्षं झाल्यावरसुद्धा! मग म्हणाले, राज्य आमचंच होतं ना, मग संप कुणाविरुद्ध करायचा? आणि हसले. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

"मी तिथे मोर्चाच्या रस्त्याने चालले, कॉलेजपासून नदीपर्यंत," मी म्हणाले. "आणि सारखे तुम्ही आठवत होता. बाबा, तुम्ही तिथे जन्मला असतात तर तुम्ही पहिले आत गेला असतात. तुमच्याच्याने गप्प बसवलं नसतं. सभेतून उठून गेला असतात, आणि दाराशी कुणीतरी उभं असतं. मला पदवीदानाला बोलवायला बापच उरला नसता."

एवढं एका दमात मी बाबांशी आयुष्यात बोलले नव्हते. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. पाय हलले नाहीत.

"आणि इथे?" त्यांनी विचारलं.

"इथे गेटसमोर बसलात, तर खुर्ची आणि कॉफी मिळाली."

"आणि गेट सात महिने बंदच आहे," बाबा उसळून म्हणाले. "त्या दांडग्याचं घर बँकेकडे जायची वेळ आलीय. त्याला बोलायचं स्वातंत्र्य आहे आणि ऐकणारा कुणी नाही. हे कापू नकोस. हे त्या बाईंना सांग. जसंच्या तसं." आणि ते उठले, चपला काढल्या आणि आत गेले.

पुढचे दोन तास काय झालं ते सांगायला मला दोन तोंडं हवी होती. बाबा म्हणाले, समाजवाद चुकला नाही, माणसं चुकली. ती म्हणाली, माणसं नसलेला देश शोधा मग. बाबा म्हणाले, सोलापुरात मालकाने एका रात्रीत कामगार रस्त्यावर आणले, तेव्हा कुठे होतं तुमचं स्वातंत्र्य? ती म्हणाली, पण तुम्ही मालकाला शिव्या दिल्यात आणि घरी येऊन झोपलात ना? बाबा टेबलावर हात आपटत होते. ती चमचा आपटत होती. मी घसा बसेपर्यंत सगळं इकडून तिकडे पोचवलं, एक शिवीसुद्धा न गाळता. कुणीही कुणाला पटवलं नाही. मधेच तिने रस्सा गरम केला आणि बाबांनी आपणहून तीनदा मागून घेतला. तिचे गाल लाल झाले होते. "यानोश गेल्यापासून," ती म्हणाली, "या घरात असं सुंदर जेवण झालं नव्हतं."

शुक्रवारी दोघंही हॉलमध्ये आली. बाबा इस्त्रीच्या झब्ब्यात, ती मोत्यांच्या माळेत. मला गाऊन घालून पुढे रांगेत बसायचं होतं. म्हणजे त्यांच्यात दुभाषी नव्हता. मान वळवून बघितलं, तर बाबांनी कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर एक साल लिहिलं होतं आणि ती त्यावर जोरात काट मारत होती. मग तिने एक साल लिहिलं. पुढच्या रांगेतली बाई दोनदा वळून "श्श" म्हणाली.

माझं नाव पुकारलं. मी व्यासपीठावर चढले, हात मिळवला, कागद घेतला आणि वळून त्यांच्या खुर्च्यांकडे पाहिलं. दोन्ही भरलेल्या होत्या. बाबा तावातावाने बोटं मोजून दाखवत होते, ती डोकं हलवत होती आणि माझ्याकडे दोघांपैकी कुणाचंही लक्ष नव्हतं.

मागच्या मुलाचं नाव पुकारलं गेलं. मला खाली उतरायला हवं होतं. पण मी उतरले नाही. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये, गाऊन सावरत, सगळ्या हॅमिल्टनला ऐकू जाईल असं मी बोंबलले, "बाबा! इकडे बघा!"